मागणं आणि मोकळं होणं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त चातुर्मासात आपल्या सभागृहात व्याख्यानमाला झाली. तिच्यातील शेवटच्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला विषय दिला आहे 'इच्छा, उपासना आणि मोक्ष'. विषय एवढा मोठा, आणि वेळ पाऊण तासाचा. त्यामुळे मी एक सोय केली. आठवडाभर आधी फलकावर सूचना लावली की प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठ्या बऱ्याच आल्या. दोन पार्किंगविषयी होत्या, त्या मी सचिवांकडे सुपूर्द केल्या. उरलेल्यांतल्या दोन मात्र अशा आहेत की आजचं सगळं बोलणं त्यांच्यावरच करावं.

पहिली चिठ्ठी अशी : "आम्ही पूजा करतो ती काही ना काही मागण्यासाठीच. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, घरातलं आजारपण. अशी पूजा खालच्या दर्जाची असते का?" दुसरी चिठ्ठी एकाच ओळीची आहे : "इतकं मागूनही दिलं नाही, मग पुढे पूजा का करायची?"

पहिल्यापासून सुरुवात करू.

आपल्याकडे एक समज फार पक्का बसला आहे. अध्यात्म म्हणजे इच्छा मारायची. ज्याला इच्छा आहे तो संसारी, ज्याला नाही तो साधू. आपण संसारी, म्हणून आपण मागच्या बाकावर! पण शास्त्रात खरोखर असं आहे का? चार पुरुषार्थ आपल्याला पाठ आहेत : धर्म, अर्थ, काम, मोक्ष. 'पुरुषार्थ' म्हणजे माणसानं ज्यासाठी धडपडावं अशी गोष्ट. त्या यादीत 'काम' आहे, म्हणजेच इच्छा आहे, आणि ती मोक्षाच्या शेजारी बसवलेली आहे. ज्यांनी ही यादी केली त्यांना इच्छेची लाज वाटत नव्हती. मात्र त्यांनी तिच्या एका बाजूला धर्म ठेवला आणि दुसऱ्या बाजूला मोक्ष. म्हणजे इच्छा असू दे, पण दोन्ही बाजूंना कुंपण असू दे.

गीतेतही पाहा. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की मनात नसतानाही माणूस पाप का करतो, कोण त्याला ढकलतं? श्रीकृष्ण सांगतात, हा काम, हा क्रोध. याचं पोट कधी भरत नाही, याला शत्रू समज. आणि तेच श्रीकृष्ण सातव्या अध्यायात म्हणतात, प्राण्यांच्या ठिकाणी धर्माला सोडून नसलेली जी इच्छा आहे, ती मीच आहे. एकदा शत्रू, एकदा 'मीच'. वाचणारा गोंधळतो. पण आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. आजारी आईला बरं वाटावं ही इच्छा आणि भावाच्या वाट्याची जागा आपल्या नावावर व्हावी ही इच्छा, दोन्ही इच्छाच. पण पहिली आपल्याला मोठं करते आणि दुसरी खात सुटते. गीता या दोघींना एका मापानं मोजत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ही साखळी फार स्वच्छ मांडतात. माणूस इच्छेचाच बनलेला आहे. जशी इच्छा तसा त्याचा निश्चय, जसा निश्चय तसं कर्म, आणि जसं कर्म तसा तो होतो. म्हणजे आपण काय मागतो ही किरकोळ बाब नाही. आपण जे मागतो, हळूहळू तेच होतो. म्हणून 'मागू का नको' यापेक्षा 'काय मागू आणि मागून झाल्यावर काय करू' हा जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे.

आता पूजेकडे येऊ. सत्यनारायण घ्या, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पूजा सुरू होते संकल्पानं. गुरुजी देश आणि काळ सांगतात : भरतखंड, गोदावरीचं अमुक तीर, शालिवाहन शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. अगदी अर्जावर पत्ता आणि तारीख घालावी तसं! आणि मग मागणं : क्षेम, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य. काही लपवाछपवी नाही, संकोच नाही. हातात पाणी आणि अक्षता घेऊन हे सगळं म्हणायचं आणि ते पाणी ताम्हनात सोडायचं.

मग आवाहन, आसन, पाद्य, स्नान, वस्त्र, गंध, फुलं, धूप, दीप, नैवेद्य. सोळा उपचार. या सगळ्यात तुमचं मागणं कुठे आहे? कुठेच नाही. तासभर तुम्ही फक्त दुसऱ्या कोणाची तरी सरबराई करत असता. पाहुणा आला आहे, त्याला पाय धुवायला पाणी दे, बसायला आसन दे, खायला दे. स्वतःचा विषय बंद.

आणि शेवट कसा होतो? पुन्हा पळीभर पाणी हातात. या पूजेनं देव प्रसन्न होवो, हे माझं नाही, 'न मम', 'ब्रह्मार्पणमस्तु' असं म्हणायचं आणि ते पाणी पुन्हा ताम्हनात सोडायचं.

म्हणजे एकाच पूजेत पाणी दोनदा सोडलं जातं. पहिल्यांदा मागण्यासाठी, शेवटी ते मागणंही देवाच्या स्वाधीन करण्यासाठी. आणि मराठीत 'पाणी सोडणं' याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. हक्कावर पाणी सोडलं म्हणजे हक्क सोडला. आपल्या भाषेनं ही कृती पूजेतूनच उचलली आहे. आता गंमत अशी, की 'मोक्ष' हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून आला त्या 'मुच्' धातूचा अर्थही सोडणं, मोकळं करणं असाच आहे. इच्छेपासून मोक्षापर्यंतचा सगळा रस्ता त्या ताम्हनात मावतो. आपण पहिलं पाणी मनापासून सोडतो. दुसऱ्या पाण्याच्या वेळेला मात्र लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडे गेलेलं असतं!

माझं सांगणं एवढंच आहे. पहिल्या पाण्यात काही कमीपणा नाही. पण तिथेच थांबलं तर पूजा अर्धी राहते.

यात 'खालचा दर्जा' कुठे आहे हे गीतेलाच विचारू. सातव्या अध्यायात भगवंत चार प्रकारचे भक्त सांगतात. आर्त म्हणजे संकटात सापडलेला, जिज्ञासू म्हणजे जाणून घेऊ पाहणारा, अर्थार्थी म्हणजे काहीतरी हवं असलेला, आणि ज्ञानी. ज्ञानी मला विशेष प्रिय, असं ते सांगतात. पण त्या आधी चौघांनाही पुण्यवान म्हणतात आणि नंतर चौघांनाही 'उदार' म्हणतात. संकटात हाक मारणारा उदार, पैशासाठी आलेलाही उदार. कोणालाही दारातून परत पाठवलेलं नाही. लगेच पुढे एक सावधगिरीची सूचना मात्र आहे : नुसत्या फळासाठी केलेल्या उपासनेला फळ मिळतं, पण ते संपणारं असतं. यात शिक्षा नाही, निंदा नाही. मुदत ठेवीच्या पावतीवर मुदत लिहिलेली असते, तसंच हे.

आता मागणाऱ्यांच्या दोन गोष्टी सांगतो. दोन्हींत मागणारा लहान मुलगा आहे.

पहिला नचिकेता, कठोपनिषदातला. बाप यज्ञात दान देतो आहे, पण गायी देतो आहे म्हाताऱ्या, दूध आटलेल्या. मुलाला ते खटकतं. तो विचारतो, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला दिलं. मुलगा खरंच यमाच्या दारात जातो. यम घरी नाही. तीन रात्री मुलगा उपाशी बसतो. यम परत येतो, ओशाळतो आणि तीन वर देतो.

पहिला वर काय मागितला असेल? ब्रह्मज्ञान नव्हे. तो म्हणतो, माझ्या वडिलांचा राग जाऊ दे, मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखावं, नीट बोलावं. बघा, उपनिषदातला एवढा मोठा साधक, आणि पहिलं मागणं अगदी घरगुती. यम त्याला हसत नाही, 'एवढंच?' म्हणत नाही. लगेच देतो. दुसरा वर स्वर्ग देणाऱ्या अग्निविद्येचा. तोही मिळतो. तिसऱ्या वराला तो विचारतो, माणूस मेल्यावर राहतो की नाही, ते सांग. इथे यम टाळाटाळ करतो. शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं घे, हत्ती-घोडे घे, सोनं घे, जमीन घे, हवं तेवढं आयुष्य घे, पण हे विचारू नको. नचिकेता म्हणतो, हे सगळं उद्यापर्यंतचं आहे, धनानं माणसाचं समाधान होत नाही. त्याची इच्छा मेली नव्हती. उलट ती इतकी मोठी झाली होती की हत्ती-घोड्यांत ती मावेना.

दुसरा ध्रुव. भागवतातली गोष्ट, पाच वर्षांचं पोर. सावत्र आईनं बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही. अपमान झाला आणि तो निघाला. हेतू स्वच्छ सकाम : मला सगळ्यांपेक्षा वरची जागा हवी. नारदांनी आधी समजूत घालून परत पाठवायचा प्रयत्न केला, पण पोरगं ऐकेना, तेव्हा त्यांनीच मंत्र दिला. यमुनाकाठी मधुवनात सहा महिने तप झालं. देव समोर आले. राज्य मिळालं, अढळपद मिळालं. मग तो आनंदात नाचत घरी आला का? भागवत सांगतं, तो घरी येताना खिन्न होता. सम्राट समोर उभा असताना एखाद्या गरिबानं त्याच्याकडे तांदळाच्या कण्या मागाव्यात, तसं माझं झालं, असं त्याला वाटलं. हवं ते सगळं मिळालं, आणि मिळाल्यावर कळलं की मागणं लहान होतं. त्याला हे कुणी प्रवचन देऊन शिकवलं नाही. सहा महिने ज्याच्याकडे मागत होता त्याच्या सहवासातच मागणाऱ्याची उंची वाढली. म्हणून पहिल्या चिठ्ठीला माझं उत्तर असं : जरूर मागा. पण रोज ज्याच्याकडे मागता त्याच्याकडे थोडं बघतही जा.

आता दुसरी चिठ्ठी. तिच्यावर नाव नाही आणि ते शोधायचं मला कारण नाही. गेल्या पंचवीस वर्षांत आपण या आवारात लग्नं पाहिली, बारशी पाहिली, आणि दारातून गेलेली माणसंही पाहिली. २०२० आणि २०२१ मध्ये तर अशी वेळ आली की शेजारच्या दाराशी जाऊन दोन शब्द बोलणंही आपल्याला जमलं नाही. त्या काळात प्रत्येक घरात देव पाण्यात होते. काही घरांतलं मागणं पूर्ण झालं, काहींचं झालं नाही. ज्यांचं झालं नाही त्यांनी काय कमी मनापासून मागितलं होतं?

या प्रश्नाला कोणी पटकन उत्तर देऊ लागलं तर त्याच्यापासून जरा लांब राहा. 'पूर्वजन्मीचं असेल' हे वाक्य शेजाऱ्याच्या दुःखाबद्दल बोलायला फार सोपं आहे. कर्माचा सिद्धांत आहे तो स्वतःच्या वागण्याची जबाबदारी घेण्यासाठी. दुसऱ्याच्या दुःखावर निकालपत्र लिहिण्यासाठी नाही. गीता स्वतः म्हणते की कर्माची गती गहन आहे. भगवंत ज्याला गहन म्हणतात ते आपण जिन्यात उभं राहून दोन मिनिटांत उलगडू नये.

मला या ठिकाणी सुभद्रा आठवते. श्रीकृष्णाची बहीण. भगवंत मामा असलेला अभिमन्यू, सोळा वर्षांचा, चक्रव्यूहात गेला आणि परत आला नाही. महाभारतात सुभद्रेचा विलाप आहे आणि तिचं सांत्वन करणारा श्रीकृष्णच आहे. यापेक्षा देवाच्या जवळ कोण असणार? तरीही तो घाव चुकला नाही. व्यासांना ही कथा गाळता आली असती. त्यांनी ती ठेवली. माझ्या समजुतीप्रमाणे ती त्या दुसऱ्या चिठ्ठीसाठीच ठेवली आहे. तुमचं मागणं पूर्ण झालं नाही याचा अर्थ तुमची भक्ती खोटी होती असा होत नाही, आणि देवानं तुम्हाला दूर केलं असाही होत नाही. तो सुभद्रेच्या शेजारी बसला होता.

आणि रागावला असाल तर रागवा. आपल्या संतांनी विठ्ठलाला कमी बोल लावले आहेत का? नामदेव रुसले आहेत, जनाबाईंनी तर त्याला चक्क शिव्या घातल्या आहेत. भांडण हेही नातंच आहे. पुढे पूजा का करायची, याचं उत्तर मी तुमच्यावर लादणार नाही. एवढंच सांगतो, की दुसरं पाणी हे यश मिळालेल्यांसाठी आहे असं समजू नका. मिळालं तर ते सोडायचं आहे, कारण नाहीतर गर्व येतो. नाही मिळालं तरी सोडायचं आहे, कारण नाहीतर मन त्याच दिवशी, त्याच दारापाशी, त्याच फोनपाशी अडकून राहतं. ते एका दिवसात सुटत नाही. सुटावं अशी घाईही नाही. पळीतलं पाणी थेंबाथेंबानं सोडलं तरी चालतं.

आता मोक्षाबद्दल थोडं. मोक्ष म्हणजे मेल्यावर मिळणारी जागा अशी आपली कल्पना असते. वेदान्तात 'जीवन्मुक्त' हा शब्द आहे. जिवंतपणी, याच संसारात मोकळा झालेला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी समुद्राची उपमा आहे. नद्या येत राहतात, समुद्र भरत राहतो, पण मर्यादा सोडत नाही. इच्छा ज्याच्यात तशा शिरतात आणि विरतात त्याला शांती मिळते. इथे नद्यांना बांध घाला असं म्हटलेलं नाही. तुम्ही एवढे विस्तीर्ण व्हा, की आलेली नदी मावेल.

शिवाय मोक्षाची इच्छा हीसुद्धा इच्छाच की! 'मुमुक्षा' म्हणजे सुटण्याची इच्छा. 'जिज्ञासा' म्हणजे जाणण्याची इच्छा. ब्रह्मसूत्रांची सुरुवातच ब्रह्माच्या जिज्ञासेपासून होते. म्हणजे इच्छेशिवाय ते दारही उघडत नाही. आणि आमचे वारकरी तर त्याही पुढे गेले. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चारही मुक्ती बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा जन्म मागितला, संतांची संगत मागितली. मोक्षावरही पाणी सोडलं! ज्याला मोक्षाचीही हाव उरली नाही, त्याला आणखी कशापासून सोडवायचं?

प्रल्हादाचं सांगून संपवत आणतो. हिरण्यकशिपूचा वध झाल्यावर नृसिंह त्याला म्हणतात, वर माग. प्रल्हाद म्हणतो, जो सेवेच्या बदल्यात मागतो तो सेवक नव्हे, तो व्यापारी. द्यायचंच असेल तर माझ्या मनात इच्छा उगवूच नये असं द्या. इथे गोष्ट संपली असती तर प्रल्हाद आपल्या आवाक्याबाहेरचा राहिला असता. पण भागवतात पुढे तो एक मागणं मागतोच. माझ्या वडिलांना त्यांच्या पापातून मुक्त करा. ज्या बापानं त्याला मारायचे सगळे उपाय केले त्या बापासाठी! स्वतःसाठी मागायचं संपलं तेव्हा त्याच्याकडे दुसऱ्यासाठी मागायला जागा झाली. निष्काम म्हणजे कोरडा नव्हे. निष्काम माणसाचं मागणं फक्त पत्ता बदलतं.

पसायदानाकडे या दृष्टीनं एकदा बघा. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर ज्ञानदेवांनी काय केलं? मागितलं! पण क्रम पाहा. आधी दुष्टांचा वाकडेपणा जावो, त्यांना चांगल्या कर्माची गोडी लागो, सगळ्यांची एकमेकांशी मैत्री होवो. हे झाल्यावर मग ते म्हणतात, ज्याला जे हवं ते त्याला मिळो. इच्छा मारा असं नाही, इच्छा पूर्ण होवोत असंच मागितलं. पण आधी मन सरळ होऊ दे. मन सरळ झालेल्या माणसाला काहीही दिलं तरी कोणाचं नुकसान होत नाही, हा त्यातला भरवसा.

शेवटी आपल्या सोसायटीपुरतं एक. दरवर्षी आपण सार्वजनिक सत्यनारायण करतो. त्या संकल्पात गुरुजी 'अस्माकं' म्हणतात. म्हणजे 'आमचं'. एकवचन नाही तिथे. पाटावर बसलेलं जोडपं दोघांचं असलं तरी मागणं सगळ्यांचं असतं. यंदा ते पाणी सोडताना आपण प्रत्येकानं मनात एक नाव घ्यावं, आपल्या घरातलं सोडून. वरच्या मजल्यावरच्या आजी असतील, रात्रपाळीचा वॉचमन असेल, ज्यांच्याशी सर्वसाधारण सभेत वाजलं ते असतील. शेवटच्या नावाला थोडं जड जाईल. पण प्रल्हादाला बापाचं नाव घेता आलं, आपल्याला निदान वरच्या फ्लॅटमधून गळणाऱ्या पाण्याचं भांडण विसरता येईल!

आणि दुसरं पाणी सोडताना शिऱ्याकडे न बघता क्षणभर ताम्हनाकडे बघू. जे मागितलं ते मागून झालं. आता हात मोकळा आहे. मोकळा हातच शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो.